घरच्या झाडाची काडी

शुद्धीवर आले तेव्हा पहिला आवाज कानावर पडला तो स्टीलचा डबा उघडल्याचा. माझ्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चपातीवर शेंगदाण्याची चटणी पसरत होत्या. मी डोळे उघडलेले बघून म्हणाल्या, "झालं बघ. बीजं काढली तुझी. आता बाकीचं त्यांचं काम."

ओटीपोटात कुणी हात घालून ढवळल्यासारखं दुखत होतं. मनगटात सलाईनची सुई, तोंडाला कोरड. तरी मन हलकं होतं, खोटं कशाला बोलू. कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात ही सकाळ उजाडावी म्हणून मी रोज पोटाला चिमटा घेऊन इंजेक्शन टोचून घेतलं होतं. माझी बीजं आता पलीकडच्या काचेच्या खोलीत होती. आमच्या ह्यांनी सॅम्पल द्यायचं, त्यातला एकेक शुक्राणू बारीक सुईनं एकेका बीजात सोडायचा, आणि गर्भ धरला की तो काही दिवसांनी माझ्या पिशवीत ठेवायचा. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की काढलेली बीजं वाट बघत बसत नाहीत. दुपारच्या आत काय ते झालं पाहिजे.

"हे कुठायत?" मी विचारलं.

"आत गेलाय. बाप्याचं काम हाय ते, घाई करून भागतंय का?" असं म्हणून त्यांनी चपातीची गुंडाळी केली, पण खाल्ली नाही. दाराकडं बघत हातातच धरून बसल्या.

कराडच्या अलीकडं हायवेला शेवाळ्यांची नर्सरी आहे. केशर, हापूस, पायरी, कुठलंही आंब्याचं कलम मागा. गावठी कोयीचं रोप वाढवायचं, त्याला खुंट म्हणतात. त्याचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी तासून त्यात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीनं आवळून बांधायची. नंतर खुंटाला स्वतःचा फुटवा आला की तो नखानं खुडून टाकायचा, म्हणजे सगळी ताकद वरच्या काडीला जाते. लग्न होऊन आले आणि पहिल्या पावसाळ्यातच मी हे शिकले. पण हंगामाचं पहिलं कलम घरची रीत म्हणून वेगळं असायचं. हळदकुंकू लावलेल्या खुंटात काडी धरायची ती लेकुरवाळ्या बाईनं, आणि पट्टी बांधायची ती माझ्या नवऱ्यानं. तेवढा वेळ आत्याबाई मला सांगायच्या, "मंदा, तू जरा टाकीपाशी हो बाई." मग शेजारची कुणीतरी पोरंवाली येऊन काडी धरायची, आणि मी पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहायची. दरसाल.

म्हणायला त्या कधी वाईट बोलल्या नाहीत. जरा टाकीपाशी हो, एवढंच.

दोष माझ्यातच आहे हे घरात ठरून गेलं होतं, कारण ह्यांचे रिपोर्ट चांगले होते. नुसते चांगले नव्हते, कराडच्या लॅबवाल्यानं म्हणे शाबासकी दिली होती. मग माझ्या पोटाला भोकं पाडून दुर्बीण घातली, नळ्यांत रंग सोडून बघितला, गोळ्या बदलल्या. कुठं काही सापडेना. सापडेना म्हणजे काहीतरी खोलवर असणार, असं आत्याबाईंचं गणित. त्यानंतर ह्याच कोल्हापूरच्या दवाखान्यात वीर्य धुऊन नळीनं थेट पिशवीत सोडायचा उपाय केला. तीनदा केला आणि तिन्ही वेळा पाळी आली. तिसऱ्या वेळी मी मोरीत बसून तोंडात पदर कोंबून रडले, आणि बाहेरून आमचे हे म्हणाले, "आता पुरे कर. लोकं ऐकतील."

दारात नर्स आली. "शेवाळे पेशंटचे मिस्टर अजून सॅम्पल घेऊन आले नाहीत. काही प्रॉब्लेम आहे का?"

"देतोय, देतोय," आत्याबाई म्हणाल्या.

ती गेली न् तिच्यामागून माझा दीर डोकावला. रणजित माझ्याहून लहान, गाडी चालवणारा, आमच्यासोबत दर खेपेला आलेला. मी लग्न करून आले तेव्हा हा पोरगा माझ्या पानातली भाकरी पळवायचा, माझ्या माहेरच्या बोलण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. पण गेल्या दोनेक वर्षांत तो बदलला होता. मी वाढायला लागले की उठून जायचा. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. चांगली स्थळं आली तरी नको म्हणायचा. मला वाटायचं, वांझ वहिनीची सावली नको असेल त्याला. वाईट वाटायचं, पण सवय झाली होती.

"आई, जरा बाहेर ये," तो म्हणाला. माझ्याकडं बघितलं नाही.

दार पुरतं लागलं नाही. त्याचा आवाज दबका होता, पण भूल उतरताना कान फार तीक्ष्ण होतात. "आज दारातच बाई बसवलीय. आधारकार्ड बघून आत सोडतायत. डबीवर समोर सही घेतायत."

"मग?"

"मग काय? दादा एकटाच गेलाय आत."

मला काही कळलं नाही. आधारकार्ड ह्यांच्या खिशातच होतं, मीच सकाळी आठवणीनं दिलं होतं. पण काहीतरी खटकलं. पलंगावर पडवेना. मी उठले, सलाईनचा स्टँड धरला आणि चालायला लागले. स्टँडचं एक चाक वाकडं होतं, ते कुरकुर करत होतं. मी कॉरिडॉरच्या ह्या टोकाला जायची, त्या टोकाला जायची. बाकड्यावर बसलेल्या बायका बघत होत्या. नर्सनं दोनदा सांगितलं झोपा म्हणून. मी म्हटलं, झोपते, आणि चालत राहिले.

शेवटी हे बाहेर आले. घाम आलेला, शर्ट चुकीच्या बटणात. डबी आत देऊन सरळ जिन्याकडं निघाले. मी हाक मारली तर म्हणाले, "चहा पिऊन येतो." रणजित त्यांच्याकडं बघत होता आणि आत्याबाई रणजितकडं. त्या तिघांत काहीतरी चाललं होतं आणि मी चौथी होते.

हे चहा पिऊन येतात न येतात तोच डॉक्टर नेर्लेकरबाईंनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. आम्हा दोघांनाच बोलावलं होतं, पण आत्याबाईही आल्या आणि त्यांच्यामागून रणजित दारात येऊन उभा राहिला.

डॉक्टरबाई वयस्कर, कमी बोलणाऱ्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "धैर्यशील, तुमच्या सॅम्पलमध्ये एकही शुक्राणू नाही. मी स्वतः दोनदा बघितलं."

हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"टेन्शननं झालं असंल," आत्याबाई म्हणाल्या.

"टेन्शननं सॅम्पल देता येत नाही, आजी. शुक्राणू गायब होत नाहीत. ह्यांचे आधीचे रिपोर्ट माझ्यासमोर आहेत. तेव्हा भरपूर होते. आज शून्य. मधे आजार, ऑपरेशन, मार लागणं, काही झालंय का?"

ह्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मग एकच गोष्ट उरते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे एकाच माणसाचे रिपोर्ट नाहीत."

मला वाटलं, लॅबनं घोटाळा केला. दुसऱ्याच्या नावावर आमचं आलं असेल. मी तसं म्हणालेही. मी अजून त्यांचीच बाजू घेत होते, हे आठवलं की आज माझ्या कानशिलात जाळ होतो.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि बोलणं माझ्याशी सुरू केलं. बीजं चांगली निघाली होती, वेळ थोडा होता, म्हणून त्यांनी वाटा सांगितल्या. पहिली, नवऱ्याच्या वृषणात सुई घालून थेट तिथूनच शुक्राणू मिळतात का बघायचं. पुष्कळदा वाट बंद असते, पण आत तयार होत असतात. मूत्रविकाराचे सर्जन वरच्याच मजल्यावर होते. तिथंही काही मिळालं नाही तर बँकेतून आणलेलं, अनोळखी दात्याचं वीर्य वापरायचं, त्याला दोघांची संमती लागते. आणि काहीच ठरत नसेल तर बीजं गोठवून ठेवायची, घरी जाऊन विचार करायचा.

"तिथं सुई?" आमचे हे पहिल्यांदा बोलले. "ते जमायचं नाही."

"भूल देऊन करतात. संध्याकाळी घरी जाल."

"नाही, पण... तिथं?"

माझ्या हातात त्या वेळी सलाईनची सुई होती. पोटावर इंजेक्शनांच्या जागा हिरव्यानिळ्या पडल्या होत्या. तासाभरापूर्वी लांबलचक सुईनं माझी बीजं ओढून काढली होती. तिथूनच. मी ह्यांच्याकडं बघत राहिले.

तेवढ्यात आत्याबाई पुढं सरकल्या, आणि भाजीवाल्याशी बोलावं तसं डॉक्टरबाईंशी बोलायला लागल्या. "बाई, कशाला एवढा पसारा? हा धाकटा उभा हाय की. एका आईची दोघं, रक्त एकच. ह्याचं घ्या न् उरका."

"नात्यातला दाता चालत नाही. नियम आहे."

"नियम कागदाला. घरात घरचं चालतंय. आम्ही कलमं विकणारी माणसं, बाई. खुंट कुठलाबी चालतो. काडी मात्र आपल्या झाडाची पायजे. परक्या झाडाची काडी बांधली तर बाग आपली म्हणायची का?"

त्या माझ्यासमोर बोलत होत्या. मी तिथंच खुर्चीत बसले होते. खुंट म्हणजे मी. इतकी वर्षं माझा प्रत्येक फुटवा का खुडला जात होता ते मला त्या क्षणी आत्याबाईंनी फुकटात समजावून सांगितलं. शिवण शिकायचं म्हटलं, नको. माहेरी महिनाभर राहते म्हटलं, नको. नर्सरीच्या गाळ्यात बसते, गिऱ्हाईक बघते म्हटलं, नको. सगळी ताकद वर जायला पाहिजे.

"जा रे आत," आत्याबाई रणजितला म्हणाल्या. "बाई काय म्हणायच्या नाहीत. अजून येळ हाय."

रणजित दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा होता. चेहरा पांढरा पडला होता. "मी नाही जाणार," तो म्हणाला.

"आता कशाला लाजतूस?"

"आई, मी नाही जाणार. तीनदा गेलो. बास झालं."

मला आधी वाटलं, तीनदा म्हणजे तपासणीला. मग आठवलं. ह्या दवाखान्यात पुकारा आडनावानं व्हायचा. शेवाळे, अशी हाक आली की बाकड्यावरून एक शेवाळे उठायचा, डबी घ्यायचा, आत जायचा. मी तेव्हा आतल्या खोलीत टेबलावर पाय वर करून पडलेली असायची. कुठला शेवाळे उठला हे मला तिथून कसं दिसणार?

तीनदा म्हणजे तपासणी नव्हे. तीनदा म्हणजे माझ्या पिशवीत सोडलेल्या त्या तीन नळ्या.

डॉक्टरबाईंनाही तेव्हाच कळलं. त्यांनी हात तोंडावर नेला, आणि मग अगदी हळू म्हणाल्या, "माझ्या दवाखान्यात?"

"वहिनी," रणजित म्हणाला, "मला पहिल्यांदा सांगितलं, नुसती तपासणी आहे, दादाची लाज राख. मग पुढचं सांगितलं. मी नको म्हटलं होतं. आईनं अन्न सोडलं." आणि तो रडायला लागला. मी त्याच्याकडं बघितलं नाही. त्याच्या रडण्याला माझ्याकडं त्या दिवशी जागा नव्हती.

मी नवऱ्याकडं वळले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, मी कधी त्याचं नाव घेतलं नव्हतं. आमचे हे, अहो, ऐकलं का. त्या दिवशी घेतलं.

"धैर्यशील, तुला माहीत होतं?"

तो कॅलेंडरकडं बघत म्हणाला, "घरचंच होतं ना."

मी उठले. स्टँड ओढत बाहेर पडले आणि पुन्हा कॉरिडॉरमध्ये चालायला लागले. चाक कुरकुरत होतं. जिन्यापर्यंत, परत. जिन्यापर्यंत, परत. मनात एकच यायचं, की त्या तिन्ही वेळांपैकी एकदा जरी पोट राहिलं असतं तर? मी पेढे वाटले असते. ओटी भरून घेतली असती. रणजितच्या मांडीवर पोर देऊन म्हणाले असते, बघा भावजी, अगदी तुमच्यासारखं हसतंय. आणि ही तिघं माझ्याभोवती बसून हसली असती. मी भिंतीला धरून थांबले.

नर्सनं धरून बसवलं. डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या, माझ्याशेजारी बाकड्यावर बसल्या. चूक त्यांच्या दवाखान्याचीही आहे, ओळख न बघता डबी घेत होतो, तक्रार करायची असेल तर मी अडवणार नाही, असं म्हणाल्या. माझ्या त्या सगळ्या वर्षांत मला कुणीतरी पहिल्यांदाच चूक आमची असं म्हणालं होतं. मग विचारलं, "बीजं गोठवून ठेवू? तुम्ही माहेरी जा, शांतपणे ठरवा."

मी विचार केला. आजही मला कुणी विचारतं, तशीच निघून का नाही गेलीस? जाऊ शकले असते. पण त्या काचेच्या खोलीत जे होतं ते माझं होतं. मी वेदना सोसून आणलेलं. त्यांच्या पापापायी मी माझं टाकून का जाऊ?

"गोठवू नका," मी म्हणाले. "आधी ह्याला टेबलावर घ्या. सुई घाला. जे माझं झालं ते एकदा ह्याचं होऊ दे. निघालं तर निघालं."

"आणि नाही निघालं तर?"

"तर बँकेतलं. ज्याचं नाव मला कधी कळणार नाही असा माणूस चालेल. अनोळखी माणसानं मला अजून फसवलेलं नाही."

केबिनमध्ये परत गेले तेव्हा आत्याबाई लेकाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी माझं म्हणणं सांगितलं. त्या म्हणाल्या, "परक्याचं बी आमच्या घरात यायचं न्हाई."

"मी परक्याच घरची आहे, आत्याबाई. मी आले तशी ते येईल." मग धैर्यशीलला म्हणाले, "वर जायचं नसेल तर जाऊ नकोस. मी इथून सरळ बसस्टँडला जाते. आणि उद्या नर्सरीत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, कलम देताना, तुझ्या सॅम्पलचं सांगते. तिन्ही वेळचं सांगते."

आवाज चढवला नव्हता. चढवायची गरज पडली नाही.

तो गेला. नर्स त्याला जिन्यानं वर नेत होती तेव्हा त्यानं एकदा वळून बघितलं, आईकडं. आत्याबाईंनी मान फिरवली. लेकाला टेबलावर नेतात हे त्यांना बघवत नव्हतं. मला नेताना त्या डबा उघडत होत्या.

तो खाली आला तेव्हा पाय फाकवून, भिंतीला हात लावत चालत होता. मी सकाळी चालत होते तसा. मागून सर्जन आले आणि डॉक्टरबाईंकडं बघून मान हलवली. काही मिळालं नव्हतं. दोन्ही बाजूंनी बघितलं होतं.

धैर्यशील खुर्चीत जपून बसला. कुणी काही म्हणायच्या आत त्यानं टेबलावरचं पेन उचललं आणि म्हणाला, "सही कुठं करायची?" आत्याबाई उठून बाहेर गेल्या.

डॉक्टरबाईंनी विचारलं, उंची, वर्ण, डोळे, काही जुळवायचं आहे का. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "रक्तगट जुळवा. दिसायचं ते दिसू दे."

मी त्याला माफ केलं, असं कुणी समजू नये. केलेलं नाही. एका घरात राहतो, एका ताटात जेवत नाही. रणजितनं पुण्याला नोकरी धरली, लग्न केलं. वर्षातून एकदा येतो, लांबून नमस्कार करतो. मी करून घेते.

पहिल्या वेळी ठेवलेला गर्भ टिकला नाही. गोठवलेल्यांतला दुसऱ्या वेळी टिकला. मुलगी झाली. ठेंगणी, सावळी, कानाच्या पाळ्या चिकटलेल्या. आमच्या दोन्ही घरांत असे कान कुणाचे नाहीत. मी रोज त्या कानांचे मुके घेते.

तिला पाचवा महिना लागला होता तेव्हा कलमांचा हंगाम आला. सावलीच्या जाळीखाली सगळे जमले होते, कामाला येणाऱ्या बाया, शेजारी, धैर्यशील पट्टी घेऊन पाटावर बसलेला. हळदकुंकवाचा खुंट समोर. मी सवयीनं टाकीकडं निघाले तर आत्याबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आगं मंदा, तिकडं कुठं? आता तूच धरायची काडी. लेकुरवाळी झालीस की." आणि बायांकडं बघून हसल्या. "पहिलं कलम हाय. भरल्या ओटीचा हात पायजे, मगच जगतंय."

पोर माझ्या कडेवर होती. मी थांबले.

"आत्याबाई, इतकी वर्षं पहिल्या कलमाची पट्टी कुणी बांधली?"

"कुणी म्हंजे? धैर्यशीलनं."

"त्यातली किती मेली?"

"एक न्हाई मेलं," त्या बोलून गेल्या. आणि मग त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

आम्हा तिघांपलीकडं तिथं कुणाला काही कळलंही नसेल. बाया वाट बघत होत्या. धैर्यशील आपल्या हातांकडं बघत बसला होता, पट्टी बोटांत गुंडाळलेली. मग त्यानं ती पट्टी पाटावर ठेवली, चाकू ठेवला, उठला, आणि सगळ्यांच्या देखत चालत जाऊन पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिला. मी उभी राहायची तिथं.

आत्याबाईंनी त्याला दोनदा हाक मारली.

मी पोर त्यांच्या हातात दिली, खाली बसले आणि चाकू उचलला. त्याला परत ये म्हणाले नाही.